जुन्या टीव्हीतला भाऊ

आई गेल्यावर घरातल्या बऱ्याच वस्तू मी वाटून टाकल्या. वॉकर खालच्या मजल्यावरच्या आजोबांना गेला, तिच्या साड्या गावच्या चुलत बहिणींकडे गेल्या. टीव्ही मात्र राहिला. दहिसरच्या आमच्या वन रूम किचनमध्ये अर्धी शोकेस अडवून बसलेला तो एकोणतीस इंची डबा भंगारवालासुद्धा फुकट न्यायला तयार नाही. उतरवायला दोन माणसं लागतील म्हणतो. त्याच्या मागे तांबडी, पांढरी, पिवळी अशा तीन पिनांची एक वायर अजून लोंबते आहे. ती मी जोडली होती. तिच्याबद्दल आजवर कुणाला सांगितलं नाही, आणि ज्याला सांगायला हवं त्याला तर मुळीच नाही.

तो म्हणजे माझा भाऊ. माझ्याहून सात वर्षांनी लहान, कॅनडात असतो. आमचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर परळची खोली विकून आम्ही इथे आलो, तेव्हा दहिसर म्हणजे मुंबईबाहेरचं एखादं गावच वाटायचं. वडील गेले, भाऊ शिकला आणि उडाला. मी एका सरकारी ऑफिसात कारकून होते. माझं लग्न झालं नाही. यामागे काहीतरी गोष्ट असेल असं लोकांना उगाच वाटतं. गोष्ट काही नाही, राहून गेलं. मग मी आणि आई राहिलो, आणि आईचे डोळे काचबिंदूने जात चालले.

पुढचं कळायला आधी आमच्या आजीची पत्रं सांगायला हवीत. मी दहा वर्षांची असताना माझा काका, म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ, आखातात नोकरीवर असताना अपघातात गेला. आजी तेव्हा आमच्याकडे परळला होती. म्हातारीला सांगायचं नाही, असं गावकीतल्या चार मोठ्या माणसांनी ठरवलं. आमच्या लोकांत याला खोटं बोलणं म्हणत नाहीत. म्हाताऱ्या माणसाला धक्का द्यायचा नाही, एवढंच. पण काकाची पत्रं यायला हवीत ना. ती आई लिहायची. सातवी शिकलेली माझी आई दुपारी आजी झोपली की मोरीजवळ बसून निळ्या पातळ कागदावर काकाचं पत्र लिही, आणि संध्याकाळी तेच पत्र आजीसमोर मोठ्याने वाचून दाखवी. ‘येथे उन्हाळा कडक आहे, जेवणाचे हाल नाहीत, तुझी आठवण येते.’ आजीला अक्षरओळख नव्हती. ही पत्रं दोन वर्षं चालली. आजी काकाला आशीर्वाद देत देत गेली.

म्हणजे या कामात आई मुरलेली होती. मीच ते विसरले.

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी भाऊ तिकडे हॉस्पिटलात पडला. तीन आठवडे घशात नळी होती. भावजयीचा फोन आला की मी गॅलरीत जायचे, दार ओढून घ्यायचे, ऐकायचे आणि आत येऊन आईला सांगायचे, की तो कामासाठी दुसऱ्या गावाला गेलाय, तिथे रेंज नाही. ते तीन आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. भांडी घासताना नळ मोठा सोडायचा आणि रडून घ्यायचं, कारण आईचे डोळे जवळजवळ गेले होते, कान नव्हते गेले. सोसायटीत तेव्हा कुणी कुणाच्या दाराशीही येत नव्हतं.

भाऊ बरा झाला. पण नळीने त्याचा आवाज गेला तो कायमचा. घोगरा, फाटका, मध्येच हवेत विरणारा. तीन आठवड्यांनी फोनवर त्याने ‘आई’ म्हटलं, आणि आईने फोन कानापासून लांब धरला.

“हो कोण गो?” तिने मला विचारलं.

“कोण काय, तुझा मुलगा.”

“माझ्या झिलाचो आवाज नाय हो.”

मी समजावलं. थंडीने घसा बसलाय म्हटलं. मग खरं ते सांगितलं, आजारी होता, नळी घातली होती. उशिरा सांगितलेलं खरं तिला आणखीनच बनवलेलं वाटलं. व्हिडिओ कॉल लावून फोन तिच्या डोळ्यांपुढे धरला, तर तेवढ्याशा पडद्यावर तिला राखाडी ढगाखेरीज काही दिसेना. दर रविवारी ती निमूट फोन कानाला लावायची, दोनदा ‘हां, हां’ म्हणायची आणि माझ्याकडे द्यायची. पलीकडे भाऊ मला विचारायचा, “ताई, ती माझ्याशी बोलत का नाही? रागावलीय का?” मी कधी म्हणायचे हो, कधी म्हणायचे अरे वय झालंय. आपला मुलगा मेलाय आणि मुलगी लपवतेय, असं तिच्या मनाने घेतलंय हे त्याला कसं सांगणार? दीडेक वर्ष असं गेलं. मला एकच हवं होतं. तिचा मुलगा जिवंत आहे हे तिला जिवंतपणी पटायला हवं होतं.

टीव्हीची कल्पना मला एका संध्याकाळी सुचली. आई टीव्हीला गुडघे टेकतील इतकी जवळ प्लास्टिकची खुर्ची ओढून मालिका बघायची. चेहरा पडदाभर मोठा झाला की तिला दिसायचा. “हिना कुकू मोठा लावल्यान आज,” असं बरोबर सांगायची. म्हणजे भाऊही तेवढा मोठा झाला तर तिला दिसेल.

नवा टीव्ही का नाही घेतला, असं भाऊसुद्धा म्हणाला. पण नवा टीव्ही भिंतीवर लागतो, आईची खुर्ची तिथे पोहोचली नसती. शिवाय मी हट्टी आहे. चालणारी वस्तू टाकायची म्हटलं की माझं डोकं फिरतं. टीव्हीच्या मागचा फोटो काढून मी बोरीवली स्टेशनबाहेरच्या गल्लीतल्या एका दुकानात गेले. दुकानदाराने फोटो मोठा करून बघितला आणि आतल्या माणसालाही दाखवला.

“आंटी, ये अभी भी चालू है?”

“तुमसे ज्यादा चालू है,” मी म्हटलं. तो हसला आणि काड्यापेटीएवढा एक काळा डबा काढून दिला. एका बाजूने लॅपटॉपची वायर, दुसऱ्या बाजूने तीन रंगांच्या पिना. हे मधे घातलं की आजचं चित्र जुन्या टीव्हीला समजतं, म्हणाला.

रविवारी सकाळी आईला आंघोळ घालून, वेणी घालून खुर्चीत बसवलं. लॅपटॉप शेजारच्या स्टुलावर ठेवला, वायर तेवढीच लांब होती. भावाला सांगून ठेवलं की तुला आईचा कान दिसेल, कारण ती टीव्हीकडे बघणार आणि कॅमेरा स्टुलावर. तो म्हणाला, कान तर कान. पिना लावल्या. काही नाही. त्या डब्यालाही वेगळी वीज लागते हे अर्ध्या तासाने कळलं. रिमोटवरचं बटण बोटाने दबेना, ते पेनाच्या टोकाने दाबलं. निळा पडदा आला. लॅपटॉपची दोन बटणं एकदम दाबली, आणि टीव्हीवर लॅपटॉप उमटला. कडा कापलेल्या आणि रंग नाही. सगळं काळंपांढरं. मी म्हटलं, जाऊ दे, जुना टीव्ही आहे, चेहरा दिसला म्हणजे झालं. भाऊ तासभर ताटकळला होता. कॉल लावला.

त्याचा चेहरा पडदाभर आला. तो हलला, काहीतरी म्हणाला, आणि आवाज तुटला. वायर सैल असेल म्हणून मी टीव्हीच्या मागे वाकले. तिथून मला पडदा दिसत नव्हता, फक्त आई दिसत होती. ती आधी पुढे झुकली. मग तिने मान वर केली. टीव्हीच्या बरोबर वर भिंतीला वडिलांचा फोटो आहे, काळापांढरा, चंदनाचा हार घातलेला. तिने त्या फोटोकडे पाहिलं, मग परत खाली टीव्हीकडे. मग पायांतल्या सपाता काढून बाजूला सारल्या आणि हात जोडले.

मला हसू आलं. “अगं, नमस्कार काय करतेस? धाकटा आहे तो,” असं म्हणत मी बाहेर आले. पडद्यावर भाऊ अडकून पडला होता. नेट गेलं होतं. काळापांढरा, डोळे सरळ समोर, ओठांवर अर्धवट हसू. मी घाईने लॅपटॉप बंद केला. मला तेव्हा फक्त नेटचा राग आला होता.

त्या रात्री आई जेवली नाही. विचारलं तर म्हणाली, “भूक नाय.” थोड्या वेळाने अंधाराकडे बघत तिने विचारलं, “कधी झाला?”

“काय कधी झालं?”

“काय नाय. नीज तू.”

मी दमले होते, झोपले. दमणं ही काही सबब नाही, पण तसंच झालं.

आठवड्यात मी भिंगाने त्या काळ्या डब्याची पाठ वाचली. खाली नखाएवढं एक सरकतं बटण होतं. एक बाजू आपल्याकडच्या टीव्हीची, दुसरी अमेरिकेकडच्या. बटण त्या दुसऱ्या बाजूला होतं, म्हणून रंग उडाला होता. नखाने सरकवलं आणि टीव्हीला रंग आला. शोकेससमोर बसून मी एकटीच टाळी वाजवली.

पुढच्या रविवारी भाऊ तांबड्या शर्टात आला, रंगीत, हलता, नेटही न अडखळता. आणि आई बोलली. “जेवलंस काय? थंड आसता काय थयसर? अंगात घाल काय ता.” घोगऱ्या आवाजाकडे तिने लक्षच दिलं नाही. भाऊ रडायला लागला. नंतर मला फोन करून म्हणाला, “ताई, तिने ओळखलं मला. तू ग्रेट आहेस यार.” मी नाक्यावर जाऊन जिलेबी आणली. इतका आनंद मला कशाचाच झाला नव्हता, रिटायरमेंटचासुद्धा नाही. आजही भाऊ तो टीव्ही फेकू नको म्हणतो.

असे दोन-अडीच महिने गेले. दर रविवारी ती त्याच्याशी गोड बोलायची, कॉल संपला की माझा हात चाचपून म्हणायची, “दमलंस गो.” मी म्हणायचे, यात दमायचं काय? एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला हवी होती. पूर्वी तिचा पहिला प्रश्न असायचा, कधी येतलंस? या अडीच महिन्यांत तिने तो एकदाही विचारला नाही.

मग पितृपक्ष आला. वडिलांच्या तिथीला मी पहाटे उठून सगळं केलं. वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, भोपळ्याची भाजी, खीर. मुलगा जवळ नाही, म्हणून आमच्याकडे कावळ्याचं पान मीच गच्चीवर ठेवते. ओट्यावर केळीचं पान पुसून वाढायला घेतलं, तशी आई भिंत धरत स्वयंपाकघराच्या दारात आली.

“दोन पानां वाढ,” ती म्हणाली.

“दोन कशाला?”

“गेल्या साली वरीस पुरा झाला नव्हता. आता वाढूक हरकत नाय.”

मला आधी काही कळलं नाही, आणि मग सगळं एकदम कळलं. हातातला डाव तसाच राहिला.

“आई, परवाच्या रविवारी बोललीस तू त्याच्याशी.”

“बोललंय. तुका बरा वाटाचा म्हणान बोललंय.” ती शांत होती. “पयल्या दिवशी तू फोटो दाखवलंस, तो खरो. मागाहून त्येका रंग लावलंस, बोलतो केलंस. टीव्हीत काय, मेलेलो माणूस उठान उभो रवता.”

मी धावत जाऊन तो काळा डबा टीव्हीपासून उपटून आणला. तिच्या हातात दिला, तिचं बोट धरून त्या बटणावरून फिरवलं. हे बघ, हे इकडे होतं म्हणून रंग नव्हता, नेट अडकलं म्हणून तो हलत नव्हता. कुणाला दाखवत होते मी? तिने डबा चाचपला आणि पदराने पुसून मला परत दिला.

“माझ्या सासूक सगळा म्हायत होता,” ती म्हणाली. “मराच्या आदल्या दिसा माका म्हणाली, बाय, पत्रां बरी लिवलंस.”

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. पन्नास वर्षं तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

मग ती चाचपडत पुढे आली आणि तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. “एकट्यान सोसलंस तू ह्या. आवशीक सांगूचा नाय? रड आता. रड गो बाय.”

आणि मी रडले. इथे मला खरं लिहायला हवं. त्या क्षणी मी तिच्याशी भांडू शकले असते. फोन लावू शकले असते, भावाला तिकीट काढून ये म्हणू शकले असते, त्याचा हात तिच्या हातात देऊ शकले असते. पण ते तीन आठवडे, गॅलरीचं ओढलेलं दार, मोठा सोडलेला नळ, त्याबद्दल मला आजवर कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. भाऊ वाचला म्हणजे संपलं, असं सगळ्यांनी धरलं होतं, मीसुद्धा. आई जे मरण समजत होती ते झालंच नव्हतं, पण माझं सोसणं झालं होतं, आणि ते घरात फक्त एका आंधळ्या बाईला दिसलं होतं. तिचा हात पाठीवरून हलू नये असं मला वाटलं. किती वर्षांनी कुणीतरी मला धरलं होतं. मी नाही म्हटलं नाही. माझ्या गप्प राहण्याने माझा भाऊ तिच्यापुरता मेला.

मी दुसरं पान वाढलं. तिने त्या पानावरच्या खिरीला बोट लावून किती वाढलीय ते बघितलं, लहानपणी भावाच्या ताटात बघायची तसं, आणि म्हणाली, “गोड थोडा जास्त घाल. त्येका आवडता.” मी घातलं.

दोन्ही पानं गच्चीवर कठड्याशी ठेवली. आमच्याकडे हल्ली कावळे कमी, कबुतरंच फार. वडिलांच्या पानावर कबुतरं आली, मग दुसऱ्यावरही. मी हाकललं नाही. जिवंत माणसाचं पान वाढलं होतं मी, या हातांनी. खिशातला फोन काढून भावाला लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. त्याच्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती हे मला ठाऊक होतं, तरी मला थांबवेना. तिसऱ्यांदाही त्याने उचलला नाही.

खाली आले. आई आपल्या जागी पाटाजवळ बसून माझी वाट बघत होती. तिचं ताट वाढलं, माझं वाढलं. तिने वड्याचा तुकडा मोडला, इतक्यात माझा फोन वाजला. पडद्यावर त्याचं नाव.

“ताई?” तोच घोगरा, झोपेतून उठलेला आवाज. “तीन मिस्ड कॉल? काय झालं? आई बरी आहे ना?”

त्याचा श्वास ऐकू येत होता, तेवढाच मी ऐकत राहिले.

“ताई, बोल ना. काय झालंय?”

आईने घास हातात तसाच धरला होता. “कोण गो?” तिने विचारलं.

“राँग नंबर,” मी म्हटलं. फोन कानालाच होता, त्यामुळे त्यानेही ते ऐकलं. मी फोन बंद केला आणि आमटीची वाटी तिच्या हाताशी सरकवली.